गाठ लागत नसताना मानेची शस्त्रक्रिया कशासाठी?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे चार पानी पत्र आणि सोबतच्या बायोप्सी व एमआरआयच्या प्रती मी शांतपणे दोनदा वाचल्या. तुमच्या परवानगीने इतर वाचकांसाठी पत्राचा आशय थोडक्यात देतो. तुम्ही इंदूरच्या राजेंद्रनगरात राहता. यजमानांचे वय ५४, खजुरी बाजारात वह्या-पुस्तकांचे दुकान. जिभेच्या डाव्या कडेवरची जखम तीन महिने भरली नाही, म्हणून तपासणी केली तेव्हा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा कर्करोग निघाला. एमआरआयनुसार गाठ २.३ सेंटिमीटर लांब आणि ७ मिलिमीटर खोल आहे, मानेत मात्र संशय घ्यावा अशी एकही लसग्रंथी (लिम्फ नोड) दिसलेली नाही. पहिल्या सर्जननी जिभेबरोबरच मानेच्या डाव्या बाजूच्या वरच्या भागातील ग्रंथी काढायला सांगितले. दुसऱ्या ठिकाणी ‘सेंटिनल नोड’ तपासणीचा, म्हणजे रोग प्रथम जिथे पोचेल अशा दोन-तीन ग्रंथीच काढून पाहण्याचा, पर्याय सुचवला गेला. तुमच्या मोठ्या दिरांचे म्हणणे असे, की मानेत काही नाही तर तिथे सुरी लावायची कशाला, गाठ आली तर बघू. त्यांच्या या म्हणण्यामागे घरातली एक आठवण आहे. १९८६ साली तुमच्या सासऱ्यांची गालाच्या कर्करोगासाठी मानेची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर त्यांचा खांदा उतरला, मान एका बाजूने खोल गेली आणि हात पुन्हा डोक्यापर्यंत कधी पोचला नाही. या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारता.

मी यजमानांना प्रत्यक्ष तपासलेले नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या सर्जनचाच राहील. पण तीस वर्षे अशाच कर्करोगाच्या शस्त्रक्रिया केल्यानंतर माझे मत मी मोघम ठेवणार नाही. हातातले अहवाल जसे आहेत तसे धरले, तर जिभेच्या शस्त्रक्रियेबरोबर त्याच भुलीत मानेच्या डाव्या बाजूच्या वरच्या ग्रंथी काढून घ्याव्यात. सेंटिनल नोड हा सन्मान्य पर्याय आहे, परंतु तो नियमाने केला जातो अशाच ठिकाणी. वाट पाहण्याचा पर्याय मात्र यजमानांच्या बाबतीत मी स्वीकारणार नाही, आणि तो का, हे नीट समजावून सांगणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण दिरांचा प्रश्न मुळीच अडाणीपणाचा नाही. जगभरचे सर्जन कित्येक दशके याच प्रश्नावर दोन बाजूंना उभे होते.

पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे आपल्या घरांत पूर्वीपासून माहीत आहे. जखमेतून निघालेली लस, म्हणजे लिम्फ हा शरीरातला पातळ द्रव, ज्या वाटेने जाते त्या वाटेवरच्या ग्रंथी सुजतात, म्हणून ते येते. जिभेची लस जबड्याखालच्या आणि मानेच्या वरच्या ग्रंथींकडे जाते, आणि जिभेच्या कर्करोगाच्या पेशीही आधी त्याच वाटेने निघतात. सुरुवातीला त्या ग्रंथीत जेमतेम मिलिमीटरभर जागेत असतात. त्या वेळी ग्रंथी सुजलेली नसते, बोटांना लागत नाही, सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये वेगळी दिसत नाही आणि पेट स्कॅनलाही एवढा लहान साठा कळत नाही. म्हणून ‘मानेत काही दिसत नाही’ या अहवालाचा अर्थ ‘मानेत काही नाही’ असा घेता येत नाही. जीभ आणि तोंडातील सुरुवातीच्या कर्करोगात, मान वरवर निर्दोष असलेल्या शंभर रुग्णांच्या ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर साधारण वीस ते तीस जणांत रोग सापडतो.

उरलेल्या सत्तर-ऐंशी जणांची मान विनाकारण उघडली, असा आक्षेप यावर घेता येतो, आणि वाट पाहणाऱ्या सर्जनांचा तोच युक्तिवाद होता. त्याचे सर्वांत भक्कम उत्तर आपल्याच देशातून आले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून पुढे दहा वर्षे अशा रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. एका गटात तोंडातील गाठीबरोबरच मानेच्या ग्रंथी काढल्या, दुसऱ्या गटात फक्त तोंडातील गाठ काढून मानेवर लक्ष ठेवले आणि गाठ आली तरच शस्त्रक्रिया केली. पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातील ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातील ६७.५ टक्के. रोग परत न येता जगणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ६९.५ आणि दुसऱ्यात ४५.९ टक्के होते. म्हणजे आठ जणांची मान आधीच साफ केली, तर त्यांतला एक जीव अधिक वाचतो. हे आकडे आपल्यासारख्याच माणसांचे आहेत, तंबाखू आणि सुपारीने तोंडे खराब झालेल्या भारतीय रुग्णांचे आहेत, म्हणून मला ते परदेशातल्या कोणत्याही अभ्यासापेक्षा जवळचे वाटतात.

वाट पाहणाऱ्या गटात काय घडते, हे आकड्यांपलीकडे मी डोळ्यांनी पाहिले आहे. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी देवासकडच्या एका शेतकऱ्याच्या जिभेची शस्त्रक्रिया मी केली होती. मान स्वच्छ वाटत होती, त्यांनाही मोठी शस्त्रक्रिया नको होती, आणि दर महिन्याला तपासणीला यायचे ठरले. दोनदा आले. मग सोयाबीनची काढणी, मग घरात लग्न. सातव्या महिन्यात आले तेव्हा मानेतली गाठ लिंबाएवढी होऊन मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली होती. त्यांच्यावर जी शस्त्रक्रिया मला करावी लागली, ती टाळलेल्या शस्त्रक्रियेच्या तिप्पट होती, आणि तरीही ते दोन वर्षांपलीकडे राहिले नाहीत. त्या काळी तो निर्णय चुकीचा मानला जात नव्हता, पण मला तो आजही सलतो. ‘गाठ आली तर बघू’ या वाक्यात असे गृहीत धरलेले असते की गाठ आली तेव्हा ती लहान असेल आणि आपण वेळेवर पाहू. टाटाच्या अभ्यासातही, इतकी काटेकोर तपासणी असताना, वाट पाहणाऱ्यांच्या मानेतला रोग सापडला तेव्हा तो बहुधा पुढे गेलेला होता.

सर्वांनाच हे लागू होते का? नाही, आणि येथे खोलीचा आकडा निर्णायक ठरतो. जिभेतली गाठ किती रुंद आहे यापेक्षा ती आत किती रुतली आहे, यावर ग्रंथींत रोग जाण्याचा संभव अधिक अवलंबून असतो. खोली तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर मानेवर आधीच शस्त्रक्रिया केल्याचा फायदा त्या अभ्यासात स्पष्ट दिसला नाही, त्यामुळे अशा अगदी उथळ गाठीत मानेवर लक्ष ठेवणे समर्थनीय ठरू शकते. त्यापुढे फायदा दिसू लागतो. यजमानांची खोली सात आहे. ती दोन असती, तर हे उत्तर मी वेगळे लिहिले असते आणि दिरांच्या बाजूने बराच झुकलो असतो.

‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ असे तुमच्या शेजारच्या काकूंनी सांगितल्याचे लिहिले आहे. हा समज पुढे गेलेल्या रोगाच्या शस्त्रक्रिया पाहून झालेला आहे. तिथे रोग आधीच पसरलेला असतो आणि दोष सुरीवर जातो.

आता सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेविषयी, कारण तुमच्या घरातली खरी भीती तिथे आहे. मानेच्या एका बाजूच्या ग्रंथींचे सर्जन पाच टप्पे मानतात. पहिला हनुवटी व जबड्याखाली, दुसरा, तिसरा आणि चौथा मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या कडेने वरून खाली हासळीच्या हाडापर्यंत, आणि पाचवा मानेच्या मागच्या बाजूच्या त्रिकोणात. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे जॉर्ज क्राइल यांनी १९०६ साली मानेच्या संपूर्ण शस्त्रक्रियेची पद्धतशीर मांडणी केली. तीत पाचही टप्प्यांच्या ग्रंथींबरोबर मानेचा मोठा तिरपा स्नायू, गळ्याची मोठी नीला आणि खांदा उचलणारा मज्जातंतू हे तिन्ही काढून टाकले जात. अनेक दशके तीच जगभर आदर्श मानली गेली. तुम्ही केलेले वर्णन, उतरलेला खांदा, खोल गेलेली मान, डोक्यापर्यंत न जाणारा हात, हे तंतोतंत त्या शस्त्रक्रियेचे परिणाम आहेत. स्नायू गेला म्हणून मान खोल गेली आणि मज्जातंतू गेला म्हणून खांदा उतरला. त्या वेळच्या सर्जनला दोष देऊ नका. ग्रंथीतला रोग बाहेर येऊन या भागांना चिकटलेला असेल, तर आजही ते काढावे लागतात.

अर्जेंटिनाच्या ओस्वाल्दो सुआरेझ यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले, की ग्रंथी ज्या चरबीत आणि पापुद्र्यांत असतात तो सगळा थर स्नायू, नीला आणि मज्जातंतू न गमावता सोलून काढता येतो. यातून ‘मॉडिफाइड’ म्हणजे सुधारित शस्त्रक्रिया आली. तीत पाचही टप्पे साफ होतात, पण त्या तीन गोष्टींपैकी एक, दोन किंवा तिन्ही राखल्या जातात. पुढचा प्रश्न असा निघाला, की तोंडाचा रोग सुरुवातीला पहिल्या तीन टप्प्यांतच जात असेल, तर खालचे आणि मागचे टप्पे उघडायचे कशाला? यजमानांना सांगितलेली ‘सुप्राओमोहायॉइड’ शस्त्रक्रिया ती हीच. नाव घाबरवणारे आहे, पण अर्थ एवढाच, की मानेत आडव्या जाणाऱ्या ओमोहायॉइड नावाच्या लहान स्नायूच्या वरचा भाग, म्हणजे पहिले तीन टप्पे. ब्राझीलमधील सर्जनांच्या गटाने मान स्वच्छ असलेल्या १४८ रुग्णांत सुधारित मोठी आणि ही लहान शस्त्रक्रिया यांची तुलना करून १९९८ मध्ये निष्कर्ष मांडले. पाच वर्षांनंतर जगण्याचे प्रमाण अनुक्रमे ६३ आणि ६७ टक्के होते, म्हणजे मोठी करून काही जास्त मिळाले नाही, त्रास मात्र जास्त झाला. त्यामुळे यजमानांसाठी कोणी पाचही टप्प्यांची शस्त्रक्रिया सुचवली, तर कारण अवश्य विचारा. जिभेच्या रोगात काही सर्जन चौथा टप्पाही घेतात, कारण जिभेच्या पेशी क्वचित मधले टप्पे ओलांडून थेट तिथे जातात. ते गैर नाही. फक्त तिथे लसीची मोठी नळी असते, विशेषतः डाव्या बाजूला, आणि तिला इजा झाली तर दुधासारखा स्राव काही दिवस वाहतो, याची कल्पना असावी. शस्त्रक्रिया चालू असताना एखादी ग्रंथी संशयास्पद वाटली, तर ती तिथल्या तिथे तपासून शस्त्रक्रिया वाढवता येते. अशा वेळी काय करणार, हे सर्जनकडून आधीच ऐकून ठेवा.

सेंटिनल नोडविषयी मला आदर आहे आणि थोडी सावधगिरीही. यात जिभेच्या गाठीभोवती टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचे अगदी अल्प प्रमाणातले इंजेक्शन देतात, ते लसीबरोबर प्रथम ज्या दोन-तीन ग्रंथींत पोचते त्या यंत्राने शोधून तेवढ्याच काढतात, आणि प्रयोगशाळेत त्यांचे अतिशय पातळ काप करून तपासतात. रोग नसेल तर मान तशीच राहते. रोग सापडला तर पूर्ण शस्त्रक्रिया करावी लागते, बहुधा काही दिवसांनी दुसऱ्यांदा भूल देऊन. फ्रान्समधल्या तुलनेत दोन वर्षांनंतर मानेत रोग न परतण्याचे प्रमाण सेंटिनल गटात ९०.७ आणि ग्रंथी काढलेल्या गटात ८९.६ टक्के होते. जपानमध्ये तीन वर्षांनंतर जगण्याचे प्रमाण ८७.९ आणि ८६.६ होते. म्हणजे योग्य हातांत ही पद्धत बरोबरीची आहे आणि खांद्याला पहिल्या वर्षात त्रास कमी होतो. अडचण ‘योग्य हात’ या शब्दांत आहे. न्यूक्लिअर मेडिसिन, सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट या तिघांना तोंडाच्या कर्करोगात हे करण्याचा सराव हवा. स्तनाच्या कर्करोगातला अनुभव येथे पुरत नाही, कारण जिभेची गाठ आणि जबड्याखालची ग्रंथी इतक्या जवळ असतात की गाठीजवळच्या इंजेक्शनच्या चकाकीत ग्रंथी झाकली जाऊ शकते. म्हणून त्या दुसऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा, की तोंडाच्या किती रुग्णांत हे केले, ग्रंथीत रोग निघाल्यास दुसरी शस्त्रक्रिया किती दिवसांत होते, आणि नंतर मानेत रोग परतलेले किती. उत्तर ठोस मिळाले तर तो पर्याय निःशंक निवडा. ‘करून बघू’ असे मिळाले तर नको. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या, जिभेचा काढलेला भाग भरायला हातावरचे मांस लावायचे ठरले, तर त्याच्या रक्तवाहिन्या जोडण्यासाठी मान उघडावीच लागते, आणि मग सेंटिनलचा मुख्य फायदा उरत नाही.

लहान शस्त्रक्रियेचीही किंमत असते, ती लपवून मी तुम्हाला राजी करणार नाही. जबड्याखालची लाळग्रंथी जाते. ओठाचा कोपरा हलवणारा नाजूक मज्जातंतू दुखावला तर हसताना डावा ओठ काही महिने वाकडा दिसतो, क्वचित कायमचा. कानाची पाळी आणि मानेचा काही भाग बधिर राहतो. दाढी करताना हे पहिल्यांदा जाणवते, तेव्हा कापून न घेण्याची काळजी घ्यावी. खांद्याचा मज्जातंतू यात राखला जातो, पण दुसऱ्या टप्प्यातल्या ग्रंथी त्याला लागूनच असल्यामुळे तो हाताळला जातो, आणि काही आठवडे ते काही महिने डावा हात खांद्याच्या वर नेताना जड वाटू शकतो. यजमानांना दुकानात वह्यांचे गठ्ठे वरच्या फळीवर चढवावे लागतात, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांच्यासाठी हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच फिजिओथेरपिस्टला भेटा, जखमेतला स्राव बाहेर यावा म्हणून मानेत ठेवलेली नळी निघाल्यावर सर्जनच्या संमतीने व्यायाम सुरू करा आणि दुखते म्हणून हात गळ्यात बांधून बसू देऊ नका, कारण न हलवलेला खांदा महिन्याभरात आखडतो आणि मग दोष मज्जातंतूचा की आळसाचा हेच कळेनासे होते. गठ्ठे तोवर दुसऱ्या कोणी चढवावेत.

ग्रंथी काढण्याचा आणखी एक उपयोग पुढच्या उपचारासाठी आहे. पॅथॉलॉजीचा अहवाल आला, की त्यात किती ग्रंथी तपासल्या ते आधी पाहा. एका बाजूला अठरा किंवा अधिक असतील तर काम पुरेसे झाले असे मानतात. एकाहून अधिक ग्रंथींत रोग असेल तर साधारण सहा आठवड्यांचे रेडिएशन लागते, आणि रोग ग्रंथीचे कवच फोडून बाहेर आला असेल किंवा जिभेच्या काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत पोचलेला असेल, तर त्याबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषधही. रेडिएशन शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे, म्हणून दातांची तपासणी आणि जे दात काढायचे ते आत्ताच उरकून घ्या. एकाही ग्रंथीत रोग नसेल आणि काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ असतील, तर बहुधा पुढचा उपचार लागत नाही, आणि ‘मान विनाकारण उघडली’ असे दिरांना त्या दिवशी वाटेल. त्यांना सांगा, की रेडिएशन टळले ते या अहवालामुळेच टळले.

मुंबईला जावे का, हेही तुम्ही विचारले आहे. दुसरे मत घ्यायचे तर जरूर घ्या. अवंतिका एक्स्प्रेसने एका रात्रीचा प्रवास आहे, कर्करुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत मिळते, आणि बायोप्सीची काच व ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) बरोबर न्यावेत. परंतु जिभेची व मानेची ही शस्त्रक्रिया डोके-मानेच्या कर्करोगाचे प्रशिक्षण घेतलेल्या सर्जनच्या हातून इंदुरातही उत्तम होऊ शकते, आणि तिथल्या तारखेसाठी दोन महिने थांबण्यापेक्षा इथे दोन-तीन आठवड्यांत झालेली बरी. आयुष्मान कार्ड असेल तर रुग्णालय त्या योजनेत आहे का, हे दाखल होण्याआधी पाहा. तंबाखू आणि सुपारी आजपासून बंद, शस्त्रक्रियेच्या दिवसापासून नव्हे. मध्य प्रदेशाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली खरी, पण सुपारीची आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी घेऊन हातावर एकत्र करणे थांबले नाही, आणि यजमानांची सवय तीच आहे असे तुम्हीच लिहिले आहे.

पत्राच्या शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिता, की जिभेचे ऑपरेशन आहे एवढेच यजमानांना सांगितले आहे, मानेचे सांगितलेले नाही. ताई, हे लगेच सांगा. संमतीपत्रावर सही त्यांची लागणार आहे, आणि भुलीतून जागे झाल्यावर मानेवर टाके व नळी अनपेक्षित सापडली, तर पुढे कोणाच्याही शब्दावर त्यांचा विश्वास राहणार नाही. पुढच्या भेटीला दिरांनाही बरोबर न्या. सर्जनना विनंती करा, की यजमानांच्या मानेवर पेनाने छेदाची रेघ आखून दाखवावी आणि खांद्याचा मज्जातंतू कुठून जातो व तो कसा राखणार, हे दोघा भावांना तिथेच समजावून सांगावे. वडिलांची मान ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी हा फरक स्वतः पाहावा.

तुमचा,
स्तंभलेखक